साधनांआधी प्रश्न : डिजिटल विपणनाच्या वेब-साधनांविषयी प्रस्तावना

संगणक आणि मोबाइल यांच्या पडद्यावरून ग्राहकापर्यंत पोहोचणे, त्याला माल किंवा सेवा समजावून देणे आणि त्याच्याशी जुळलेला व्यवहार टिकवणे, या सर्व प्रयत्नांना मिळून आज डिजिटल विपणन म्हटले जाते. या व्यवसायात पाऊल ठेवणाऱ्याला प्रथम सामोरी येते ती साधनांची गर्दी. लोक कोणत्या शब्दांनी शोध घेतात हे सांगणारी, संकेतस्थळ किती वेगाने उघडते हे तपासणारी, आलेला वाचक कुठून आला याची नोंद ठेवणारी, हजारो ग्राहकांना एकाच वेळी ईमेल पाठवणारी अशी शेकडो साधने वेबवर उपलब्ध आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी विनामूल्य असल्यामुळे ती आधी हाताळली जातात व ती कशासाठी वापरायची याचा विचार मागे पडतो. प्रस्तुत विवेचनाचा आग्रह उलट क्रमाचा आहे. प्रत्येक साधन कोणीतरी ठरवलेल्या व्याख्येनुसार ग्राहकाच्या वर्तनाचा एक तुकडा मोजत असते, आणि ती व्याख्या माहीत नसेल तर हाती आलेला आकडा बरोबर असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून आधी प्रश्न ठरवावा, मग साधन निवडावे, आणि त्या साधनाचा आकडा कसा तयार होतो हे समजल्यावरच त्यावर पैसा खर्च करावा, हे या प्रस्तावनेचे मुख्य सूत्र आहे.

मोजमापाची पूर्वपीठिका

जाहिरातीचा परिणाम मोजण्याची इच्छा इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकी जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पद्धतीचा पुरस्कार केला. त्या पद्धतीत प्रत्येक जाहिरातीखालच्या कुपनावर वेगळी खूण छापलेली असे, आणि परत आलेली कुपने मोजून कोणत्या मजकुराने किती गिऱ्हाइके आणली याचा हिशेब मांडता येई. महाराष्ट्रातही जाहिरात हा संघटित व्यवसाय म्हणून लवकर उभा राहिला. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. तथापि वर्तमानपत्रातली किंवा भिंतीवरची जाहिरात किती जणांनी पाहिली आणि त्यांतल्या कितींनी त्यामुळे खरेदी केली, हे सांगण्याचा खात्रीचा मार्ग त्या काळी कुपनाखेरीज फारसा नव्हता.

वेबने ही परिस्थिती बदलली ती मुख्यतः १९९४ या एका वर्षात घडलेल्या दोन घटनांमुळे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर आडव्या पट्टीच्या स्वरूपातल्या पहिल्या व्यावसायिक जाहिराती झळकल्या, आणि त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील अभियंता लू माँटुली यांनी कुकीची योजना केली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली मजकुराची छोटी नोंद. तिच्या आधारे तोच वाचक पुन्हा आला की संकेतस्थळ त्याला ओळखू शकते. पट्टीवरच्या जाहिरातीने क्लिक मोजता आली, कुकीने क्लिकनंतरचा प्रवास मोजता आला, आणि या दोहोंच्या जोडीवर पुढची सर्व विश्लेषण-साधने उभी राहिली. २००५ साली गूगलने अर्चिन ही विश्लेषणाचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गूगल ॲनालिटिक्स ही सेवा विनामूल्य खुली केली, तेव्हा एरवी मोठ्या कंपन्यांनाच परवडणारे मोजमाप लहान दुकानदाराच्याही आवाक्यात आले. आज दुव्यांना जोडल्या जाणाऱ्या यूटीएम खुणांमधले पहिले अक्षर त्याच अर्चिन कंपनीच्या नावाचे आहे.

मागणीचा शोध

साधनांचा पहिला गट लोक काय शोधतात हे सांगणारा आहे. या गटाचा विचार एखाद्या ठोस उदाहरणाने करणे सोयीचे ठरते. देवगड तालुक्यातील एखाद्या बागायतदाराने दलालाच्या मध्यस्थीशिवाय थेट ग्राहकाला हापूस विकण्याचे ठरवले आहे असे गृहीत धरले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असा असेल की लोक हापूस कधी, कुठून आणि कोणत्या शब्दांत शोधतात. गूगल ट्रेंड्स हे साधन २००६ पासून उपलब्ध असून त्यात २००४ पासूनच्या शोधांचा कल पाहता येतो. मात्र या साधनाचा आलेख शोधांची प्रत्यक्ष संख्या दाखवत नाही. निवडलेल्या प्रदेशात आणि काळात एकूण शोधांच्या तुलनेत त्या शब्दाचा वाटा जेव्हा सर्वाधिक होता त्या बिंदूला १०० मानून बाकीचे सर्व बिंदू त्या प्रमाणात मांडलेले असतात. त्यामुळे मे महिन्यातला १०० आणि नोव्हेंबरमधला एखादा अगदी लहान आकडा यांवरून हंगामाची चढउतार कळते, पण शंभर पेट्या विकल्या जातील की दहा हजार, हे कळत नाही. दोन शब्दांची तुलना करायची असेल तर ती एकाच आलेखात करावी लागते, कारण वेगवेगळ्या आलेखांतले १०० हे परस्परांशी जुळणारे नसतात.

शोधांच्या संख्येचा अंदाज हवा असेल तर गूगलच्या जाहिरात-व्यवस्थेतील कीवर्ड प्लॅनर वापरला जातो. कीवर्ड म्हणजे शोधणाऱ्याने प्रत्यक्ष लिहिलेला शब्द किंवा शब्दसमूह. हे साधन जाहिरातदारासाठी बनवलेले असल्यामुळे त्यातले आकडे पुष्कळदा मोठ्या टप्प्यांच्या रूपात दिले जातात आणि जवळजवळ सारख्या शब्दरूपांची संख्या एकत्र केलेली असू शकते, हे त्याच्या वापरकर्त्याने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मराठीच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर होते. ‘हापूस’ हा शब्द दीर्घ ऊकाराने, ऱ्हस्व उकाराने, रोमन लिपीत आणि ‘अल्फान्सो’ या दुसऱ्या नावाने अशा चार मार्गांनी शोधला जातो. त्यात ‘आंबा’, ‘पेटी’, ‘डझन’, ‘भाव’, ‘घरपोच’ हे शब्द मागेपुढे जोडले की एकाच गरजेची अनेक रूपे तयार होतात. म्हणून मराठी विपणकाने एका शब्दाचा आकडा पाहून थांबू नये, तर एका गरजेच्या सर्व रूपांची यादी करून त्यांचा एकत्रित विचार करावा. शोधपेटीत पहिली काही अक्षरे लिहिताच खाली उमटणाऱ्या सूचना, संबंधित प्रश्नांची चौकट, आणि ग्राहकांनी व्हॉट्सॲपवर स्वतःहून विचारलेले प्रश्न ही या यादीची तीन विनामूल्य आणि विश्वासार्ह उगमस्थाने होत.

येथे ग्राहकाचे स्थानही महत्त्वाचे ठरते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक संकेताची, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीची, नोंदणी मिळाली. तसेच २००७ पासून विकिरण-प्रक्रिया केलेल्या भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा खुली झाली. त्यामुळे पुण्यातल्या ग्राहकाला भाव आणि घरपोच सेवा यांची माहिती हवी असते, तर न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला तो आंबा तिथे मिळतो का आणि तो खरोखर कोकणातला आहे का, हे जाणून घ्यायचे असते. प्रदेशानुसार शोध वेगळा काढण्याची सोय या साधनांत असते, आणि तिचा उपयोग करून दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी पाने देणे हे एकाच पानावर सर्व काही कोंबण्यापेक्षा अधिक फलदायी असते.

संकेतस्थळाचे आरोग्य

साधनांचा दुसरा गट संकेतस्थळ शोधयंत्राला वाचता येते का आणि माणसाला सहज वापरता येते का, हे तपासतो. या गटात गूगल सर्च कन्सोलचे स्थान पहिले आहे. पूर्वी वेबमास्टर टूल्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या साधनाला २०१५ साली सध्याचे नाव मिळाले. कोणत्या शोधशब्दांवर आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी ते उघडले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर ते होते, याची मागील १६ महिन्यांची माहिती त्यात मिळते. बाहेरच्या साधनांचे आकडे हे अंदाज असतात, तर येथील नोंदी स्वतःच्या संकेतस्थळाविषयीच्या असतात; म्हणून शोधातून वाचक मिळवू पाहणाऱ्याने अन्य कोणत्याही साधनाआधी हे साधन जोडावे, अशी शिफारस करता येते. त्यातही एक मर्यादा आहे : फार थोड्या लोकांनी वापरलेले शोधशब्द गोपनीयतेसाठी वगळले जातात, त्यामुळे यादीतल्या शब्दांची बेरीज एकूण आकड्याशी जुळेलच असे नाही.

शोधयंत्राशी संवाद साधण्याच्या काही लेखी रीती आहेत आणि त्यांच्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. रोबॉट्स फाइल ही १९९४ पासून प्रचलित असलेली आणि २०२२ साली औपचारिक मानक म्हणून नोंदली गेलेली योजना शोधयंत्राच्या फिरत्या प्रोग्रामला कोणती पाने वाचू नयेत हे सांगते. परंतु वाचण्यास मनाई केलेले पान यादीतून हद्दपार होतेच असे नाही, कारण दुसऱ्या एखाद्या पानावरच्या दुव्यातून त्याचा पत्ता शोधयंत्राला कळू शकतो. पान निकालांत दिसूच नये असे वाटत असेल तर त्यासाठी नोइंडेक्स ही वेगळी सूचना पानातच द्यावी लागते आणि ती वाचता यावी म्हणून रोबॉट्स फाइलमधली मनाई उठवावी लागते. साइटमॅप म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यंत्रवाच्य यादी. एका फाइलमध्ये तिची मर्यादा ५०,००० पत्त्यांची आहे. २०११ साली गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून सुरू केलेल्या स्कीमा या शब्दसंग्रहाच्या आधारे पानावरची किंमत, उपलब्धता, पत्ता, वेळा इत्यादी माहिती यंत्राला निःसंदिग्धपणे सांगता येते. गावातल्या दुकानाला किंवा खानावळीला मात्र या सर्वांहून अधिक उपयोगी ठरते ते गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद, आणि त्यातल्या वेळा, दूरध्वनी व छायाचित्रे अद्ययावत ठेवण्याला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

पान उघडण्याचा वेग हा या गटातला दुसरा मोठा विषय आहे. गूगलने त्यासाठी तीन मापे निश्चित केली आहेत. पानावरचा सर्वांत मोठा दृश्य घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, वाचकाच्या स्पर्शाला किंवा क्लिकला पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यावा, आणि उघडताना मजकूर जागचा हलण्याचे प्रमाण ०.१ च्या आत राहावे, अशी ही मापे असून त्यांतले दुसरे मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आले. पेजस्पीड इनसाइट्स या साधनात पत्ता दिला की हे आकडे मिळतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी दाखवलेल्या असतात : एक प्रत्यक्ष वाचकांकडून मागील २८ दिवसांत गोळा झालेले मोजमाप, आणि दुसरी त्या क्षणी कृत्रिम परिस्थितीत केलेली चाचणी. पहिल्यात किमान तीन चतुर्थांश भेटी मापाच्या आत बसल्या तरच पान चांगले मानले जाते. कृत्रिम चाचणीचे गुण वाढवण्यात दिवस घालवण्यापेक्षा आपला ग्राहक ज्या मोबाइलवर आणि ज्या नेटवर्कवर पान उघडतो त्याचा अनुभव सुधारणे अधिक महत्त्वाचे आहे.

देवनागरी मजकुराच्या संदर्भात काही गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्या लागतात. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि हलन्त यांची गणना वेगवेगळी होते. ‘रत्नागिरी’ हा चार अक्षरांचा शब्द यंत्राच्या लेखी नऊ चिन्हांचा असतो. पानाच्या पत्त्यात तो देवनागरीतच लिहिला आणि पत्ता कॉपी करून पाठवला, तर पुष्कळ ठिकाणी त्याचे टक्केचिन्हांकित रूप उमटते आणि त्या एका शब्दासाठी ८१ चिन्हांची रांग दिसते. म्हणून पानाचा मथळा आणि मजकूर देवनागरीत ठेवून पत्त्यातला भाग लहान आणि रोमन लिपीत ठेवणे अनेकदा व्यवहार्य ठरते. २०१४ पासून देवनागरी लिपीतले ‘.भारत’ हे क्षेत्रनामही नोंदवता येते आणि ब्रँडची ओळख म्हणून ते मोलाचे आहे. परंतु अर्ज भरण्याच्या व ईमेलच्या सर्व यंत्रणा ते निर्वेधपणे स्वीकारत नाहीत, म्हणून त्याच्या जोडीला एक नेहमीचे क्षेत्रनाम राखणे शहाणपणाचे होय. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर शोधयंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही. तो युनिकोडमध्ये आणणे हे मराठी संकेतस्थळाचे पहिले दुरुस्तीकाम आहे.

मोजमाप आणि त्याच्या सीमा

तिसऱ्या गटातली साधने आलेल्या वाचकाच्या प्रवासाची नोंद ठेवतात. गूगल ॲनालिटिक्सची आजची चौथी आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि १ जुलै २०२३ पासून जुन्या आवृत्तीचे नेहमीचे काम थांबले. या बदलात प्रत्येक कृती, मग ते पान उघडणे असो, खाली सरकवणे असो वा खरेदी असो, ‘घटना’ या एकाच चौकटीत मोजली जाऊ लागली. भेट अर्थपूर्ण कधी मानायची याचीही ठरीव व्याख्या आहे : ती दहा सेकंदांपेक्षा अधिक टिकली, किंवा तिच्यात दोन पाने पाहिली गेली, किंवा महत्त्वाची म्हणून ठरवलेली एखादी कृती घडली, तर ती भेट गुंतलेली समजली जाते. दहा सेकंदांत वाचकाने मजकूर खरोखर वाचला असेल असे नाही, म्हणून या आकड्याला ‘आवड’ म्हणणे योग्य नव्हे. एक व्यावहारिक सूचना येथेच करता येते. सविस्तर चिकित्सेसाठी लागणारी माहिती या साधनात मूळ मांडणीनुसार दोनच महिने साठवली जाते आणि ती मर्यादा १४ महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय विनामूल्य आवृत्तीतही आहे; ही निवड पहिल्या दिवशी केली नाही, तर पुढच्या हंगामाची मागच्या हंगामाशी सविस्तर तुलना करणे अशक्य होते.

वाचक कुठून आला हे कळण्यासाठी दुव्याला यूटीएम खुणा जोडतात. त्यांत उगम, माध्यम आणि मोहीम या तीन खुणा मुख्य होत, आणि हॉपकिन्स यांच्या काळातल्या कुपनावरच्या खुणेचेच काम त्या करतात. रोमन लिपीतली लहान आणि मोठी अक्षरे येथे वेगळी मोजली जातात, त्यामुळे एकाच माध्यमाचे नाव दोन जणांनी दोन प्रकारे लिहिले तर अहवालात त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून नावांची एक सामाईक तालिका करून सर्वांनी तीच वापरावी. महाराष्ट्रात या खुणांचे महत्त्व विशेष आहे, कारण येथील पुष्कळसा लहान व्यापार व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेल्या दुव्यांवर चालतो, आणि अशा दुव्यांवर खूण नसेल तर तिथून आलेला वाचक ‘थेट’ आला अशी नोंद बहुधा होते. थेट आलेल्यांचा आकडा मोठा दिसला की ब्रँड प्रसिद्ध झाला असे वाटू लागते, वस्तुतः ते श्रेय एखाद्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटाचे असू शकते.

श्रेय कोणाला द्यायचे हा या क्षेत्रातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. ग्राहकाने सोमवारी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिली, बुधवारी गूगलवर नाव शोधले आणि शनिवारी ईमेलमधल्या दुव्यावरून पेटी मागवली, तर तिन्ही व्यवस्था ती विक्री आपल्या खात्यावर मांडू शकतात. मेटाच्या जाहिरात-व्यवस्थेच्या नेहमीच्या मांडणीत क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरचा एक दिवस एवढा काळ श्रेयासाठी धरला जातो. इतर व्यवस्थांची मुदत निराळी असते. सीमा कुठे आखली यावर आकडा किती अवलंबून असतो, हे सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांतून दाखवून दिले होते. उत्पन्नाच्या अंदाजासाठी शेतात फार लहान चौकट आखली, तर काठावरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल राहतो आणि त्यामुळे दर एकरी उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त निघते, असा त्यांचा निष्कर्ष होता. जाहिरातीच्या हिशेबातही काठावरचे ग्राहक, म्हणजे जाहिरात दिसली नसती तरी ज्यांनी खरेदी केलीच असती असे लोक, चौकटीच्या आत ओढले जातात, आणि ज्याने जाहिरात विकली त्यानेच चौकटही आखलेली असल्यामुळे हा कल आपोआप दुरुस्त होत नाही. त्यावर उपाय दोन आहेत : वेगवेगळ्या व्यवस्थांनी सांगितलेल्या विक्रीची बेरीज प्रत्यक्ष वहीतल्या विक्रीशी ताडून पाहणे, आणि शक्य असेल तेव्हा एखाद्या शहरात किंवा आठवड्यात जाहिरात मुद्दाम थांबवून विक्रीत खरोखर किती फरक पडतो हे तपासणे.

दोन मजकुरांपैकी कोणता अधिक परिणामकारक, हे ठरवण्यासाठी वाचकांना यदृच्छेने दोन गटांत विभागून प्रत्येक गटाला एक मजकूर दाखवण्याच्या पद्धतीला ए-बी चाचणी म्हणतात. यदृच्छ विभागणीचे तत्त्व रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांतून विकसित केले. ए-बी चाचणीच्या साधनांचा वापर सोपा असला तरी तिला लागणारी वाचकसंख्या बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा फार मोठी असते. शंभर भेटींमागे दोन खरेद्या होत असतील आणि नव्या मजकुराने त्या अडीच होतात का हे नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीवर तपासायचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १४,००० भेटी लागतात. दोनशे भेटींनंतर दोनाच्या जागी तीन खरेद्या झाल्या म्हणून विजय घोषित करणे हे योगायोगाला नियम समजणे होय. ज्याच्याकडे एवढे वाचक नाहीत त्याने बटणाचा रंग तपासण्याऐवजी पाच-दहा ग्राहकांना समोर बसवून पान वापरताना पाहावे आणि ते कुठे अडखळतात याची नोंद करावी. अशा निरीक्षणाला कोणतेही साधन लागत नाही आणि त्यातून मोठे दोष लवकर सापडतात.

निरोप पोहोचवण्याची साधने

चौथा गट ग्राहकाशी थेट संपर्क साधणाऱ्या साधनांचा आहे, आणि त्यात ईमेलचे स्थान अजून टिकून आहे, कारण ईमेलची यादी व्यवसायाच्या स्वतःच्या ताब्यात असते. ईमेल खरोखर तिच्यावर दाखवलेल्या क्षेत्रनामावरूनच आली आहे हे सिद्ध करणाऱ्या तीन तांत्रिक नोंदी आहेत : एसपीएफ ही नोंद पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे हे सांगते, डीकेआयएम पत्रावर अदृश्य स्वाक्षरी करते, आणि डीमार्क या दोहोंत न बसणाऱ्या पत्राचे काय करावे हे ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना या नोंदी आणि एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक केली असून ‘नको असलेले पत्र’ अशी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखण्याची अट घातली आहे. ईमेल किती जणांनी उघडली हा आकडा मात्र आता फारसा भरवशाचा राहिलेला नाही, कारण ॲपलने २०२१ साली आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीत पत्रातली चित्रे, आणि त्यांसोबत उघडल्याची नोंद करणारे अदृश्य चित्रही, वाचकाने पत्र उघडण्याआधीच उतरवून घेतले जाऊ शकते. म्हणून उघडण्यापेक्षा दुव्यावरच्या क्लिक आणि प्रत्यक्ष उत्तरे यांवर लक्ष ठेवणे योग्य.

एसएमएसच्या बाबतीत लिपीचा खर्च थेट पैशांत मोजावा लागतो. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० चिन्हे मावतात, तर देवनागरीत ७०. त्यापुढे संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा ६७ चिन्हांचा धरून वेगळा आकार लागतो. तरीही ग्राहक मराठी वाचणारा असेल तर मजकूर रोमन लिपीत ढकलण्यापेक्षा तो आटोपशीर मराठीत लिहिणे हाच योग्य मार्ग आहे. सत्तर चिन्हांत मालाचे नाव, भाव आणि दूरध्वनी बसवता येतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्याला स्वतःची, प्रेषकनामाची आणि संदेशाच्या मसुद्याची आगाऊ नोंदणी करावी लागते. दिवाळीच्या किंवा अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी हे काम हाती घेणाऱ्यांचे संदेश अडकून पडतात, म्हणून ते हंगामाच्या बरेच आधी उरकावे.

मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. मुद्द्यांची जुळवाजुळव, शीर्षकांचे पर्याय किंवा लांब मजकुराचा सारांश यांसाठी ती उपयोगी पडतात. परंतु मराठीत ती अनेकदा हिंदी वळणाची किंवा इंग्रजीवरून उतरवलेली वाक्ये देतात आणि वस्तुस्थिती आत्मविश्वासाने चुकीची सांगू शकतात. आंब्याच्या जातीविषयी, औषधी गुणांविषयी किंवा किमतीविषयी चुकीचे विधान प्रसिद्ध झाले तर त्याची जबाबदारी साधनावर ढकलता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक मजकुरावर भाषा जाणणाऱ्याची आणि माल जाणणाऱ्याची अशा दोन नजरा फिरणे आवश्यक आहे.

संमती, सत्य आणि कायदा

ग्राहकाची माहिती गोळा करणारे साधन जोडणे ही तांत्रिक कृती असली तरी ती माहिती ग्राहकाची असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने या तत्त्वाला कायद्याचे बळ दिले आहे. या अधिनियमाप्रमाणे संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारित आणि निःसंदिग्ध असावी लागते, ती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे लागते, आणि संमतीसंबंधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. आठव्या अनुसूचीत मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा आहेत, त्यामुळे मराठी किंवा कोकणी ग्राहकाला त्याच्या भाषेत काय घेतले जात आहे हे सांगणे ही आता सौजन्याबरोबरच कर्तव्याचीही गोष्ट ठरली आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे, आणि ज्यांनी गरजेपेक्षा अधिक माहिती कधी गोळाच केली नाही त्यांना तिचा भार सर्वांत कमी जाणवेल.

सत्यकथनाच्या बाबतीतही नियम स्पष्ट झाले आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ज्यांनुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून ठळकपणे दर्शवावी लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ मांडण्या निषिद्ध ठरवल्या. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न विचारता वस्तू टाकणे आणि वर्गणी बंद करणे अवघड करणे यांचा त्यांत समावेश आहे. ‘फक्त दोनच पेट्या शिल्लक’ हे वाक्य दोनच पेट्या शिल्लक असतील तेव्हाच लिहावे. असे वाक्य ए-बी चाचणीत जिंकते म्हणून ते वापरण्यास योग्य ठरत नाही, कारण चाचणी आजची विक्री मोजते आणि उद्या न परतणारा ग्राहक तिच्या चौकटीबाहेर राहतो.

मराठी विपणकापुढचे काम

या सर्व विवेचनातून कामाचा एक क्रम निघतो. प्रथम व्यवसायाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा; तो प्रश्न सुटला हे कोणत्या आकड्यावरून कळेल ते ठरवावे; तो आकडा कोणते साधन, कोणत्या व्याख्येने आणि कोणत्या मुदतीत मोजते हे समजून घ्यावे; आणि त्यानंतरच ते साधन जोडावे. लहान व्यवसायाला सर्च कन्सोल, विश्लेषणाचे एक साधन, नकाशावरची अद्ययावत नोंद, खुणांची तालिका आणि संमतीने जमवलेली ग्राहकांची यादी एवढी सामग्री दीर्घकाळ पुरते. महागड्या साधनांची गरज बहुधा तेव्हाच निर्माण होते, जेव्हा या पाचांनी उभे केलेले प्रश्न त्यांच्याच आधाराने सुटेनासे होतात.

मराठीच्या संदर्भात मात्र साधनांच्या आकड्यांकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक होती, आणि तरीही असंख्य विषयांवरच्या मराठी शोधशब्दांपुढे साधने नगण्य आकडे दाखवतात. त्यावरून मराठीत मागणी नाही असा निष्कर्ष काढून मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिला जातो, आणि मराठीत उत्तर मिळत नाही हे अनुभवाने शिकलेला वाचक मराठीत शोधणेच सोडून देतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचा आकडा आणखी लहान होतो. शोधसाधन केवळ विचारलेले प्रश्न मोजते. उत्तराची आशा नसल्यामुळे न विचारलेल्या प्रश्नांची नोंद त्यात होत नाही. हे चक्र मोजमापाने तुटणारे नाही. पीकविमा, गृहकर्ज, सौरपंप, दंतोपचार, प्रवास किंवा आंबा यांपैकी ज्या विषयाचे ज्ञान आपल्यापाशी आहे त्यावर शुद्ध, युनिकोड, सहज वाचता येईल असे मराठी पान कोणीतरी आकड्याची वाट न पाहता लिहावे लागते, ते वर्षभर सांभाळावे लागते, आणि सर्च कन्सोलमध्ये त्या पानावर उमटणारे मराठी शोधशब्द पाहून पुढचे पान लिहावे लागते. असे काम करणारा विपणक स्वतःचा व्यवसाय वाढवतोच, पण त्याच्या भाषेतला बाजारही तोच घडवत असतो.